ट्रेनरवर २३८ वॉट, पण रविवारच्या ग्रुपमध्ये सपाटीलाच ड्रॉप झालो, नेमकं काय चुकतंय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ३६, वजन ७२, आयटीत नोकरी, घरी दोन लहान मुलं. जून ते सप्टेंबर पावसामुळे बाहेर गेलाच नाहीत, सगळं ट्रेनरवर, म्हणजे घरात सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर केलंत आणि एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढा जोर, २०५ वरून २३८ वॉटवर आणलीत. मग ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सायकलच्या ग्रुपबरोबर पुण्यात हडपसरहून यवतच्या दिशेने निघालात आणि लोणी काळभोर ओलांडल्यावर, ना घाट ना चढ, चक्क सपाट रस्त्यावर चाळीस मिनिटांत ड्रॉप झालात, म्हणजे ग्रुपच्या मागे सुटलात. तोपर्यंतचे ॲव्हरेज वॉट फक्त १७८. डिसेंबरमध्ये ८० किमीच्या रेसला नाव दिलंय आणि आता विचारताय की ट्रेनर विकून टाकू का एफटीपी अजून वाढवू.

दोन्ही नका करू. चार महिन्यांत ३३ वॉट वाढवणं, तेही दोन मुलं सांभाळून, ही खरी कमाई आहे आणि ती कुठे गेलेली नाही. मी गेली अकरा वर्षं हौशी रेस करते, आता ४६ वर्षांची आहे, बँकेत नोकरी आहे, सिंहगड रोडला राहते, दर पावसाळ्यात माझीही सायकल ड्राय बाल्कनीत ट्रेनरवर चढते. ऑक्टोबरमध्ये बाहेर पडल्यावर तुमच्यासारखे दोन-चार जण मला दरवर्षी भेटतात, आणि बहुतेकांचा प्रॉब्लेम ताकदीचा नसतोच.

तुम्ही जे आकडे टाकलेत त्यातच उत्तर आहे. ॲव्हरेज १७८, पण नॉर्मलाइज्ड पॉवर २२४ आणि मॅक्स ७२०. ॲव्हरेज बघून तुम्हाला वाटतंय की मी तर आरामात होतो, मग पाय का संपले? पण २२४ म्हणजे तुमच्या एफटीपीच्या ९४ टक्के. वॉट दुप्पट झाले की शरीराला लागणारी किंमत दुप्पट नसते, कितीतरी जास्त असते, नॉर्मलाइज्ड पॉवर त्याचाच अंदाज देते. म्हणजे ती चाळीस मिनिटं तुम्ही आरामात नव्हताच, थ्रेशोल्डच्या, म्हणजे त्याच एफटीपीच्या जवळ होतात, आणि तेही सलग नाही तर झटक्याझटक्याने, जे ट्रेनरवर चार महिन्यांत एकदाही केलं नव्हतंत.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्ही जाता जाता लिहिलीय पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. "सेफ राहावं म्हणून मी सगळ्यात शेवटी, दोन सायकलींचं अंतर ठेवून चालवत होतो." इथेच सगळं गेलं. वीस जणांचा बंच, म्हणजे घोळका, ताशी ३६ किमीने चाललाय, पुढे स्पीडब्रेकर किंवा गावातला चौक आला, पहिला रायडर २८ वर आला, ब्रेकर ओलांडला आणि लगेच परत पेडल मारायला लागला. तुम्ही विसावे. पहिला जेव्हा परत ३६ ला पोचलाय तेव्हा तुम्ही अजून ब्रेकरवर आहात. आता बंच पकडायला तुम्हाला ३६ नाही, ४० करावे लागतात. तुम्ही, सायकल आणि बाटल्या मिळून ८२ किलो धरले तर २८ वरून ४० ला आठ सेकंदांत यायला नुसता वेग वाढवण्यासाठीच सव्वातीनशेच्या आसपास वॉट लागतात, वाऱ्याशी भांडायला लागणारे वेगळे. प्रत्येक ब्रेकरला, प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक वेळी समोरचा ट्रक ओव्हरटेक करताना हेच. पुढचे चार जण तोच रस्ता ३०० च्या खाली राहून काढतात आणि शेवटचा माणूस पाचशे-सहाशेचे वीस-पंचवीस झटके मारतो. त्यात दोन सायकलींचं अंतर ठेवल्यावर ड्राफ्टही, म्हणजे पुढच्याच्या मागे वाऱ्यापासून मिळणारा आडोसाही, पूर्ण मिळत नाही. नीट चाकामागे बसलं तर त्या वेगाला साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते, तुम्ही त्यातलं बरंचसं रस्त्यावर सोडून दिलंत.

आपल्याकडे रेस म्हटलं की घाटच डोळ्यांसमोर येतो, मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात 'घाटाचा राजा' ठरतो, त्याचंच नाव लोकांच्या लक्षात राहतं. पण हौशी रेसमध्ये बरेच जण घाट सुरू व्हायच्या आधीच, सपाटीला, अशाच झटक्यांनी सुटतात. घाटात निदान प्रत्येकजण आपापल्या पायांवर असतो.

तर खरा प्रश्न एफटीपी किती पाहिजे हा नाहीये, आहेत तेच वॉट तुटक तुटक, माणसांच्या गर्दीत, डोकं शांत ठेवून कसे वापरायचे हा आहे. त्याकडे येते, पण आधी २३८ हा आकडा खरा आहे का ते बघू, कारण ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे.

एफटीपी रॅम्प टेस्टने, म्हणजे थोडे थोडे वॉट वाढवत दमेपर्यंत चालवून काढली असेल तर शेवटच्या मिनिटाच्या पॉवरच्या ७५ टक्के धरतात. ज्यांचा छोटा जोर चांगला असतो त्यांना हा आकडा जास्त येतो, डिझेल इंजिनसारखे, एकसारखे बराच वेळ चालणारे जे असतात त्यांना कमी येतो. शिवाय तुम्ही घरी ट्रेनरचा पॉवर वापरता आणि बाहेर फक्त डाव्या क्रँकचा (पेडलच्या दांड्याचा) मीटर, तो एका पायाचं मोजून दुप्पट करतो, डावा पाय कमजोर असेल तर बाहेरचा आकडा कमीच दिसणार. एकदा असं करा, सायकल ट्रेनरवर ठेवा, ट्रेनरचा आकडा फोनवर आणि क्रँकचा सायकल कॉम्प्युटरवर असे दोन्ही एकाच वेळी रेकॉर्ड करा, १५०, २००, २५० ला पाच-पाच मिनिटं. डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर (मागचं चाक काढून चेन थेट ज्याच्यावर बसते तो) चेनच्या नंतर मोजतो त्यामुळे त्याचा आकडा दोन-तीन टक्के कमी असणं नॉर्मल आहे. फरक दहा-पंधरा वॉटचा निघाला तर तो लक्षात ठेवा आणि बाहेरचे झोन, म्हणजे मेहनतीचे टप्पे, बाहेरच्या मीटरवरूनच ठरवा. त्यासाठी सिंहगड चांगला, हौशी माणसाला वर जायला वीस मिनिटांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो त्यामुळे एफटीपीची वीस मिनिटांची टेस्ट मध्ये न थांबता बसते. फक्त रविवारी नको, गाड्यांची रांग असते, मधल्या वारी उजाडताना जा.

गरमीचंही बघा. माणसाचं शरीर पेडलवर २०० वॉट देतं तेव्हा साधारण सहाशे-सातशे वॉट उष्णता तयार करतं, म्हणजे एका छोट्या हीटरएवढी. रस्त्यावर तीसचा वारा ती घेऊन जातो. घरात, त्यात पुण्याचा जुलै-ऑगस्ट, हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, नुसता टपटप पडतो. एका पंख्यावर केलेलं ४५ मिनिटांचं सेशन मला हार्ट रेटमध्ये दहा-बारा बीट्स जास्त दाखवायचं, मी दुसरा पंखा लावला, एक छातीवर, एक पाठीवर, आणि त्याच वॉटला सेशन सुटसुटीत झालं. सेशनच्या आधी आणि नंतर टॉवेलने पुसून वजन करून बघा, माझं तासाला किलोभर सहज जातं. तुमचा एकच सीलिंग फॅन असेल तर कदाचित तुमची एफटीपी २३८ पेक्षा जास्तही असेल, हे असं दोन्ही बाजूंनी आहे.

आता मुख्य मुद्दा, ट्रेनरवर काय बदलायचं. तुम्ही लिहिलंय सगळी सेशन्स अर्ग मोडवर केलीत. अर्ग मोडमध्ये वॉट मशीन ठरवतं, तुम्ही फक्त पाय फिरवता. थ्रेशोल्डसाठी ते उत्तम आहे, मी पण करते, गुरुवारी ३ वेळा १२ मिनिटं अर्गवर, मध्ये पाच मिनिटं सोपं, डोकं लावायला लागत नाही. पण झटक्यांसाठी अर्ग बंद. ट्रेनरला वॉट बदलायला काही सेकंद लागतात, तोपर्यंत तुमचा झटकाच अर्धा झालेला असतो, आणि मुख्य म्हणजे गिअर कधी टाकायचा, आधी केडन्स (पाय फिरवायचा वेग) वाढवायचा का आधी गिअर, हे हाताला येतच नाही. मंगळवारी साधा रेझिस्टन्स मोड लावा आणि ३० सेकंद जोरात १५ सेकंद हलकं असं दहा वेळा, असे तीन सेट. ३० सेकंदांना तुमच्यासाठी २८० ते ३०० वॉट. पहिल्या सेटला वाटेल सोपं आहे, तिसऱ्या सेटच्या सहाव्याला कळेल. दोन आठवड्यांनी त्यातच दर पाचव्याला दहा सेकंद उभं राहून ५०० च्या वर मारा आणि लगेच खाली बसून परत २२० वर या, थांबायचं नाही. लोणी काळभोरला तुम्हाला नेमकं हेच करावं लागलं होतं.

ट्रेनरवर पाय कधी थांबत नाहीत, हे पण लक्षात घ्या. रस्त्यावर बंचमध्ये चांगला रायडर बराच वेळ पेडलच मारत नाही, नुसता चाकामागे तरंगतो. चार महिने सतत फिरवून पायांना सवय लागलीय की थांबायचंच नाही, म्हणून तुम्ही समोरच्याच्या अंगावर जाता, घाबरून ब्रेक लावता आणि परत झटका मारता.

हे ट्रेनरवर शिकता येत नाही, कितीही महागाचा घेतला तरी. यासाठी एक मित्र हवा, फक्त एक. शनिवारी पहाटे मोकळा, बिनखड्ड्यांचा रस्ता बघून दोघं जा, २५ च्या वेगाने. तो पुढे, तुम्ही मागे. पहिली दहा मिनिटं एक सायकल अंतर, मग अर्धी, मग हात लांब केला तर त्याच्या सीटला लागेल एवढं. नजर त्याच्या मागच्या टायरवर ठेवायची नाही. कमरेकडे किंवा खांद्याकडे बघायचं आणि त्याच्या पलीकडचा रस्ता दिसला पाहिजे. जवळ जायला लागलात तर ब्रेक नाही, थोडं ताठ बसा, छातीवर वारा घ्या, आपोआप वेग कमी होतो. किंवा एक फूट बाजूला सरका, पण तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला कधी ओव्हरलॅप होऊ द्यायचं नाही. तो जरा जरी हलला तर त्याला काही होत नाही, पडतो मागचा.

हे मी इतकं ठासून सांगतेय कारण माझं स्वतःचं कॉलरबोन असंच गेलं. पावसाळाभर ट्रेनरवर केलं होतं, पाय जबरदस्त होते, पहिल्याच रेसमध्ये मी पुढच्या दहात होते आणि समोरचीच्या उजव्या बाजूने अर्धं चाक पुढे घातलं, का तर मला वाटलं आता हिला ओव्हरटेक करीन. तिने खड्डा चुकवला. तिने "खड्डा" असं ओरडून सांगितलं पण होतं, मी ऐकलं पण होतं, आणि ऐकेपर्यंत माझं चाक तिच्या चाकाला घासल्याचा आवाज आला, झर्रर्र असा, तो आवाज मला अजून आठवतो. चूक शंभर टक्के माझी होती. प्लेट बसली, सहा आठवडे रस्ता बंद. तेव्हा याच ट्रेनरने मला धरून ठेवलं, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर हात गळ्यात बांधून, ताठ बसून, दुसरा हात उंच स्टुलावर टेकवून मी रोज वीस मिनिटं हलकं हलकं फिरवायचे. म्हणून ट्रेनर विकू का असं कोणी विचारलं की मला ते लागतं.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, यूसीआयची (सायकलिंगच्या जागतिक संघटनेची) २.२ दर्जाची रेस आपल्या रस्त्यांवर, तेव्हा मी मुद्दाम वळणावर जाऊन उभी राहिले होते. सगळे त्यांच्या वेगाबद्दल बोलत होते, मी कोपर बघत होते. पन्नासच्या आसपास वेग, खांद्याला खांदा, आणि प्रत्येकाची कोपरं वाकलेली, हात सैल. आपण ट्रेनरवर हँडल घट्ट धरून बसतो कारण सायकल हलतच नाही, तीच पकड घेऊन बाहेर आलं की छोट्या दगडावरून गेलं तरी सगळं चाक थरथरतं. शनिवारच्या प्रॅक्टिसमध्ये दर दोन मिनिटांनी हँडलवर पियानो वाजवल्यासारखी बोटं हलवा, हलत नसतील तर पकड जास्त आहे.

आठवड्याचं म्हणाल तर तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे. मुलं लहान, रात्रीची झोप मोडते, अमेरिकेबरोबरचे कॉल असतात असं लिहिलंय. सहा-सात तास मिळत असतील तर मंगळवार आणि गुरुवार ट्रेनर तासभर, शनिवार दीड तास मित्राबरोबर, रविवार ग्रुप. पाचच तास मिळाले तर गुरुवारचं सोडा, मंगळवार आणि रविवार सोडू नका, शनिवार महिन्यातून दोनदा तरी. आदल्या रात्री झोप पाच तासांच्या खाली गेली असेल तर मंगळवारचं झटक्यांचं सेशन बुधवारी ढकला, थकलेल्या पायांनी ते केलं तर नुसता घाम जातो. आणि रेसच्या आधीच्या दोन आठवड्यांत नवीन काही वाढवायचं नाही.

खाण्याचं थोडक्यात. घरी तासाभराला पाणी पुरतं म्हणून तुम्ही बाहेरही एकच बाटली पाण्याची नेलीत. ८० किमीची रेस दोन-अडीच तासांची, तासाला ६० ग्रॅम तरी कार्ब्स पोटात गेले पाहिजेत. केळ्यात साधारण २५ ग्रॅम. जेलवर पैसे घालवायलाच पाहिजेत असं नाही, ५०० मिली पाण्यात ४० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू, माझी अर्धी रेस यावरच होते, साध्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं निम्मं असतंच. राजगिऱ्याची चिक्की जोरात चाललेल्या बंचमध्ये चावता येत नाही, भुगा घशात अडकतो, बिया काढलेला खजूर बरा. हे रेसच्या दिवशी पहिल्यांदा करू नका, आतापासून दर रविवारी करा, पोटालाही सवय लागते. आणि बाटली काढून, पिऊन, न बघता परत ठेवणं हे पण शनिवारी मित्राबरोबर करा.

अजून एक, हे आजच बघा. चार महिने सायकल ट्रेनरवर होती म्हणजे तुमचा घाम चार महिने स्टेमवर (हँडल धरून ठेवणाऱ्या भागावर) आणि हेडसेटवर (त्याखालच्या बेअरिंगवर) पडलाय. मागच्या वर्षी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाची सायकल अशीच बाहेर काढली, वरून चकाचक. स्टेमचे पुढचे चार बोल्ट बघितले तर दोन्ही खालच्यांवर पांढरी भुकटी साचलेली, आत तांबूस गंज, ॲलन की लावली तर बोल्टचं डोकंच गोल झालं. बार टेप सोडली तर हँडलच्या ॲल्युमिनियमला खालून खड्डे पडले होते. घाटातून साठने खाली येताना हे तुटलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. टेप काढा, बोल्ट एक एक करून सोडा, पुसा, ग्रीस लावा, खराब वाटला तर बदला, टॉर्क रेंच नसेल तर मेकॅनिककडून घट्ट करून घ्या. आणि पुढच्या पावसाळ्यात हँडलवर टॉवेल आणि सेशन झालं की ओल्या फडक्याने पुसणं, रोज.

येत्या रविवारी ग्रुपबरोबर परत जा, त्याच रस्त्याला. फक्त शेवटी नाही, निघतानाच चौथ्या-पाचव्या जागेवर बसा, आणि लीडरला सांगून ठेवा की मी नवीन आहे, पुढे ओढायला येणार नाही पण चाक सोडणार नाही. बहुतेक ग्रुप समजून घेतात, उलट कोणीतरी अनुभवी शेजारी राहतो. ढकलले जाऊन मागे गेलात तर पुढचा ब्रेकर यायच्या आत, बंच हलका चाललेला असताना, बाजूने परत वर या. ब्रेकर दिसला की आधीच एक गिअर हलका टाका, म्हणजे बाहेर पडताना जड गिअरवर उभं राहून ढकलावं लागणार नाही. घरी आल्यावर फाइलमध्ये ॲव्हरेज बघू नका, ४०० च्या वर किती वेळा गेलात ते मोजा. मागच्या वेळची फाइल पण तशीच मोजा. दोन्ही आकडे इथे खाली टाका, मग डिसेंबरच्या रेससाठी मंगळवारच्या सेशनमध्ये काय बदलायचं ते मी सांगते.